त्या मुंग्या नव्हत्या

मित्रांनो, जवळ या. आता माझ्या अंगाला हात लावला तरी काही होत नाही. मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. रायपूरला, भनपुरीच्या अलीकडे एका घराच्या मागच्या अंगणात, टिनाच्या शेडखाली मी उभी असते. आयुष्यभर मी माणसांचे कपडे धुतले आणि माणसं जवळ आली की मला आनंदच वाटला. पण एका वर्षी पावसाळा सरता सरता असे दिवस आले, की माझ्याजवळ येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटे, 'दूर व्हा, मला शिवू नका!' आणि मला ओरडता येत नव्हतं. त्या दिवसांची गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादी पत्रा वाकवून माझं चौकोनी अंग तयार केलं. आत भोकाभोकांचा स्टीलचा टब बसवला, त्याखाली मोटर बसवली आणि पोटातून तारांचा जुडगा फिरवला. त्या जुडग्यात एक हिरवी तार होती. बाकीच्या तारांना रोज काम असतं. कुणी मोटर फिरवते, कुणी दिवा लावते. हिरव्या तारेला रोजचं काहीच काम नसतं. माझ्या पत्र्यात चुकून कधी वीज उतरलीच, तर तिला थेट जमिनीत नेऊन सोडायचं, एवढ्यासाठी ती असते. ती वाट मोकळी असली की वीज माणसाच्या अंगातून वाट शोधत नाही. म्हणूनच माझ्या प्लगला दोन बारीक पिना होत्या आणि तिसरी, या हिरव्या तारेची, चांगली जाडजूड होती.

कारखान्यातून मी रायपूरच्या सदर बाजारातल्या एका दुकानात आले. काचेमागे उभी राहून मी रस्त्यावरची गर्दी पाहत असे. एके दिवशी भास्करराव आणि उल्काताई आले. दोघं वर्ध्याकडचे. भास्करराव नवा रायपूरच्या एका कार्यालयात नोकरीला होते आणि उल्काताईंच्या कडेवर तीन-चार महिन्यांची इरावती होती. तिच्या लंगोट्या धुऊन धुऊन उल्काताईंच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. त्यांनी माझं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हीच घेऊ." मला हातठेल्यावर बांधून नेलं. स्कूटर, मोटारसायकली अंगावर येत होत्या, तेव्हा भास्करराव घरापर्यंत मला एका बाजूने हाताने धरून चालले.

ते पहिलं घर भाड्याचं होतं, पण तिथे माझं फार कौतुक झालं. धुणं झालं की उल्काताई माझ्या टबातली लहान जाळी काढायच्या. कपड्यांतून सुटलेला धागा-कापूस तिच्यात साठतो. त्या ती जाळी नळाखाली उलटी करून धुवायच्या, मग मऊ फडक्याने माझं झाकण, कडा, पावडर टाकायचा कप्पा पुसायच्या. आतली ओल सुकावी म्हणून झाकण थोडं उघडं ठेवायच्या. महिन्यातून एकदा मला रिकामीच गरम पाण्याने चालवायच्या. शेजारणी विचारत, "एवढी काय तिची सेवा करून राहिली?" त्या हसून म्हणत, "जे आपल्याले साफ करते, तेच घाण राहिलं तर कसं चालन?"

इरा मोठी झाली, शाळेत जाऊ लागली. उल्काताईंनाही नवा रायपूरलाच नोकरी लागली. मग त्यांनी स्वतःचं घर बांधलं, तेच हे भनपुरीजवळचं घर. आणि मित्रांनो, माझे वाईट दिवस त्या घर बदलण्यापासून सुरू झाले.

गाडीतून उतरवताना माझ्या तळाची जाळी निसटली. उंदीर आत शिरू नयेत म्हणून ती बसवलेली असते. ती एका कोपऱ्यात पडली आणि विटा-सिमेंटच्या कचऱ्याबरोबर फेकली गेली. शेडमधली फरशी एका बाजूला उतरती होती, त्यामुळे माझ्या चार पायांपैकी एक पाय अधांतरीच राहिला. पण या दोन गोष्टींपेक्षा तिसरी गोष्ट मोठी होती. शेडमध्ये विजेचा पॉइंटच काढलेला नव्हता. भास्कररावांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक वायर बाहेर घेतली. तिच्या टोकाच्या बोर्डात माझा जाड पिनेचा प्लग काही केल्या बसेना. मग त्यांनी माझा प्लग कापला, दोन पिनांचा साधा प्लग लावला आणि उरलेली हिरवी तार मागे वळवून काळ्या टेपने गुंडाळून टाकली.

"चालते का पाहा," ते म्हणाले. उल्काताईंनी बटण दाबलं. मी सुरू झाले.

"चालते ना? मंग झालं. आता तात्पुरतं राहू दे. सवडीनं इथं नवा पॉइंट काढू."

मित्रांनो, ती सवड काही मिळाली नाही. दोघांना ऑफिस गाठायला सकाळीच निघावं लागे आणि घरी येईपर्यंत अंधार पडे. माझी जाळी कधी धुतली जाई, कधी राहून जाई. पुढे राहूनच जाऊ लागली.

त्याच सुमारास भास्कररावांचे वडील बाबाराव गोंदियाहून कायमचे राहायला आले. रेल्वेच्या नोकरीमुळे ते तिकडेच स्थायिक झाले होते. पत्नी गेल्यावर ते एकटे पडले होते. इथे दिवसभर घरात नुसतं बसणं त्यांच्या जिवावर येई. म्हणून त्यांनी माझं काम आपल्याकडे घेतलं. मनाने फार प्रेमळ माणूस, पण मला चालवायची त्यांची रीत वेगळी होती. टब गच्च भरायचा आणि पावडर ओंजळभर टाकायची.

"पावडर जास्त टाकली का मळ पटकन निघते," ते इराला सांगत.

बोअरच्या जड पाण्यात ती पावडर विरघळत नसे. तिचा चिकट थर माझ्या टबाच्या मागे साठू लागला. त्यावर पाण्याचा पांढरा खार चढला. झाकण बंदच राही, त्यामुळे आत कुबट वास धरला. धुतलेल्या शर्टांवर काळे ठिपके दिसू लागले. उल्काताई म्हणाल्या, "मामाजी, मशीन एकदा आतून साफ केली पाह्यजे." सासऱ्यांना त्या मामाजी म्हणत. बाबारावांनी शर्ट उन्हात धरून पाहिला. "ही भनपुरीच्या कारखान्यांची धूळ हाये. मशीन काय करन बिचारी!" मग माझा पाणी सोडायचा पाइप चिरला. त्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली. पाणी तरीही झिरपायचंच. माझ्या पायांशी फरशी सदा ओली राहू लागली.

आणि एका पावसाळी दुपारी तळाच्या उघड्या भोकातून एक उंदरीण आत आली.

तिचा मला राग नाही. तिला पिल्लांसाठी कोरडी, उबदार जागा हवी होती. तिने शेडमध्ये पडलेला कापूस ओढून नेला, इराचा हरवलेला मोजा ओढून नेला आणि मोटरजवळ घरटं केलं. पण उंदरांचे दात सतत वाढतात. त्यांना काहीतरी कुरतडावंच लागतं. तिने माझ्या तारा कुरतडल्या. एका तारेवरचं प्लास्टिक निघालं, आतलं तांबं उघडं पडलं. ते माझ्या पत्र्याला अजून टेकलं नव्हतं, पण त्या दोघांच्या मध्ये ओल होती. ओलीतून वीज थेंबाथेंबाने माझ्या अंगात उतरू लागली. मी तिला हिरव्या तारेकडे ढकलत होते. हिरवी तार टेपमध्ये गुंडाळून पडली होती. पुढे वाटच नव्हती.

ते सगळ्यांत आधी कळलं इराला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. आंघोळ करून अनवाणी आली, वाळत घातलेला शाळेचा गणवेश काढायला तिने माझ्या कडेवर हात टेकला आणि चटकन मागे घेतला. पुन्हा एका बोटाने हळूच शिवून पाहिलं. मग ती धावत बाबारावांकडे गेली. ते अंगणात खाटेवर बसून पेपर वाचत होते.

"आबाजी, मशीन को हाथ लगाओ तो कुछ काटता है."

"मराठीत सांग," बाबाराव पेपरातून मान वर न करता म्हणाले.

"अरे, सुनो ना आबाजी!"

"मराठीत सांग, मंग ऐकतो. मराठी माणसाची पोट्टी अन् घरात हिंदी बोलून राहिली. किती वेळा सांगू तुले?"

इरा थांबली. घरात ती मराठी ऐकत असे, पण उत्तर नेहमी हिंदीत देई. आता ती डोळे मिटून शब्द शोधू लागली. मी श्वास रोखून ऐकत होते, असं म्हटलं तरी चालेल.

"मशीनले हात लावला ना," ती सावकाश म्हणाली, "का हाताले मुंग्या येते."

"मुंग्या येतात," बाबारावांनी सुधारलं. त्यांचा चेहरा खुलला. "शाब्बास! पाहा, येते ना तुले?"

ते उठले, घरात गेले आणि मुंग्या मारायचा पांढरा खडू घेऊन आले. वाकता येत नव्हतं, तरी गुडघा धरून वाकले आणि माझ्याभोवती, जिथे फरशी कोरडी होती तिथे, त्यांनी मोठ्या काळजीने खडूची रेघ ओढली.

मित्रांनो, इरा अगदी बरोबर बोलली होती. खूप वेळ मांडी घालून बसलं आणि पाय बधिर झाला की आपण काय म्हणतो? पायाला मुंग्या आल्या. हाताला सौम्य झटका बसला की तशाच मुंग्या येतात. तिला जे झालं होतं त्याला मराठीत याहून नेमका शब्द नाही. पण तिला मराठी येत नाही, असं बाबारावांनी धरूनच ठेवलं होतं. म्हणून त्यांनी फक्त कपड्यांवर चढणाऱ्या मुंग्या ऐकल्या.

"वो वाली चींटी नहीं, आबाजी!" इरा पाय आपटत म्हणाली.

"आली पुन्हा हिंदीवर," म्हणत बाबारावांनी हात झटकले आणि पेपर उचलला. त्यांच्या स्वतःच्या पायात कायम रबरी चप्पल असायची. त्यामुळे माझ्या अंगातली वीज त्यांच्या हाताला लागतच नव्हती.

पण इराने विषय सोडला नाही. रविवारी सकाळी भास्करराव बाजारातून आले, तशी तिने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि त्यांना ओढत माझ्याजवळ आणलं. "पापा, छू के देखो. झनझन होता है."

मित्रांनो, तो क्षण मी विसरू शकत नाही. कारण त्या वेळी आमच्या गल्लीत वीज गेली होती. भास्करराव बाहेरून आले होते, त्यांना ते माहीत नव्हतं. सकाळच्या उजेडात घरातला एकही दिवा लागलेला नव्हता. त्यांनी माझ्यावर दोन्ही तळवे ठेवले, दाबून पाहिले. मी थंडगार पत्र्यासारखी उभी होते.

"कुठं काय? काहीच तर नाई."

इराने स्वतः हात लावून पाहिला. तिलाही काही जाणवलं नाही. ती गोंधळली. "कल तो हो रहा था," ती पुटपुटली.

"थंडीचे दिवस येऊन राहिले बेटा, कपडे चटचट करते तसं होते कधी कधी," म्हणत ते आत गेले. ते उंबरा ओलांडतात न ओलांडतात तोच घरातला पंखा गरगरला. वीज आली होती, माझ्या अंगातही आली. पण आता मला कुणी शिवून पाहणार नव्हतं. यानंतर इराही कुणाला काही बोलली नाही. ती फक्त मला वळसा घालून जाऊ लागली.

मग दिवाळी तोंडावर आली.

दिवाळीआधी घराघरांत केवढी साफसफाई चालते, ते तुम्हाला माहीत आहेच. आमच्याकडेही भिंती झाडल्या, भांडी घासली, पंख्यांची पाती पुसली. एका दिवशी उल्काताईंनी रजा घेतली. घरातले सगळे पडदे, चादरी, सोफ्याची कव्हरं माझ्या पोटात आली. सगळं घर लख्ख होत होतं. माझ्या तळाशी मात्र कुणी वाकून पाहिलं नाही.

ओझं फार झालं होतं. पिळायची वेळ आली तसा माझा टब एका बाजूला हेलकावू लागला. एक पाय अधांतरी असल्यामुळे मी धाडधाड आपटत पुढे सरकले. पाइपवरची पिशवी सुटली आणि पाणी फरशीवर पसरलं. त्याच धक्क्यांत आतली कुरतडलेली तार हलली, घसरली आणि उघडं तांबं माझ्या पत्र्याला जाऊन टेकलं.

आता थेंबाथेंबाची गोष्ट नव्हती. सगळी वीज माझ्या अंगावर उभी होती.

पिळणं कसंबसं संपलं आणि मी थांबले. आणि मित्रांनो, धुणं संपलं की मी पी-पी असा आवाज करते, तुम्ही तो ऐकला असेल. माझ्याजवळ तेवढा एकच आवाज आहे. तो वाजायला लागला. ये, कपडे घेऊन जा, असा त्याचा अर्थ. मला सांगायचं होतं येऊ नको, आणि माझा आवाज बोलावत होता.

"आली, आली," उल्काताई आतून म्हणाल्या.

त्या बादली घेऊन आल्या. अंगण धुऊन झालं होतं, त्यामुळे पायांत चपला नव्हत्या. ओल्या फरशीवर पाय ठेवत त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. झाकण प्लास्टिकचं होतं, ते उघडेपर्यंत काही झालं नाही. उजव्या हाताने त्यांनी पडद्याचं टोक धरलं. पडदा जड होता, निघेना. म्हणून आधारासाठी त्यांनी डावा हात माझ्या पत्र्याच्या कडेवर टेकवला.

त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. हात माझ्या कडेला आवळला गेला. सोडायचा म्हटला तरी त्यांना तो सोडता येत नव्हता. सगळं अंग थरथरत होतं. मी त्यांना धरून ठेवलं नव्हतं, मित्रांनो. वीज धरून ठेवते.

इरा स्वयंपाकघराच्या पायरीवर पणत्या रंगवत बसली होती. तिने मान वर केली. "मम्मी?" ती म्हणाली. मग तिच्या हातातला ब्रश पडला आणि दोन्ही हात पुढे करून ती आईकडे धावत सुटली. तीही अनवाणी होती. तिने आईला धरलं असतं, तर दोघीही गेल्या असत्या.

खाटेवरून बाबाराव उठले. त्यांच्या गुडघ्यांनी धावणं शक्य नव्हतं. इराच्या आणि तिच्या आईच्या मध्ये ते पोचू शकत नव्हते. तेव्हा ते ओरडले. एवढ्या मोठ्याने ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"इरा! छूना मत! मम्मी को छूना मत! मेन स्विच गिरा! भाग, मेन स्विच!"

ते हिंदीत ओरडले. विचार करायला वेळच नव्हता. पोरीच्या कानात जे सगळ्यांत लवकर शिरेल, तेच त्यांच्या तोंडून आलं. इराचे पाय ओल्या फरशीच्या कडेवर थांबले. एकदा तिने आईकडे पाहिलं. मग वळली आणि घरात पळाली.

मेन स्विच समोरच्या खोलीत, दारावर उंच होता. स्टूल ओढल्याचा आवाज आला. स्टूल पडल्याचा आवाज आला. पुन्हा ओढल्याचा आवाज आला. इकडे बाबारावांनी कपडे वाळत घालायची कोरडी बांबूची काठी घेतली होती. पायात रबरी चप्पल होती. काठीने ते उल्काताईंचा हात माझ्या कडेवरून ढकलू पाहत होते. काठी घसरत होती. "सूनबाई, सोड गं, सोड माय," ते म्हणत होते. 

आणि घरातला पंखा थांबला. माझ्या अंगातली वीज गेली. उल्काताई बादलीवर कोसळल्या.

बाबाराव त्यांच्याजवळ पाण्यातच बसले. नाकाजवळ हात धरला. इरा दारात उभी होती, तिच्या कपाळाला खोक पडली होती.

"साँस चल रही है?" तिने विचारलं.

"चल रही है, बेटा. धर्मपाल भैया को बुला, गाडी निकालने बोल."

शेजारचे धर्मपाल भैया धावत आले. "हव, चलो, जल्दी चलो," म्हणत त्यांनी उल्काताईंना उचलून गाडीत घातलं आणि सगळे दवाखान्यात गेले. घराचं मागचं दार उघडंच राहिलं.

मी एकटी राहिले. माझ्या तोंडातून अर्धा ओला पडदा लोंबत होता आणि त्याचं पाणी टपकत होतं. उल्काताई जगल्या की नाही, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. ज्या हातांनी इतकी वर्षं मला पुसलं, तेच हात माझ्यावर भाजले होते. तो दिवस सरला, दुसरा उजाडला, तरी कुणी आलं नाही.

मग भास्करराव आले. ते माझ्यासमोर बादली उलटी घालून बसले. त्यांनी माझी वायर बोर्डातून काढली, माझा दोन पिनांचा प्लग हातात घेतला आणि काळी टेप उलगडली. आतली हिरवी तार बाहेर आली, अजूनही नव्यासारखी. ती त्यांनी बोटांत धरून सरळ केली. त्यांच्यामागे बाबाराव आणि इरा येऊन उभे राहिले.

"मम्मी को कल छोड़ेंगे ना, पापा?" इराने विचारलं. तेव्हा मला कळलं, उल्काताई वाचल्या.

बाबारावांनी इराच्या डोक्यावर हात ठेवला. "तू मले सांगितलं होतं."

"हव. आपने चॉक लगा दिया था."

 हे मराठीत सांग, असं बाबाराव या वेळी म्हणाले नाहीत.

उल्काताई घरी आल्या त्याच दिवशी भास्कररावांनी भंगारवाला बोलावला. तो ठेला घेऊन अंगणात आला, त्याने माझ्याभोवती दोरी टाकली. मला वाटलं, झालं, आता माझे तुकडे होणार. आणि खरं सांगू का, मला त्याचं वाईटही वाटलं नाही. तेवढ्यात उल्काताई दारात आल्या. डाव्या हाताला पट्टी होती, चेहरा उतरला होता.

"काहून नेता तिले?"

"मले ती पाहवत नाई," भास्करराव म्हणाले. "नवी आणू."

"मलेही पाहवत नाई. पण नवी आणून तीही अशीच लावली, तर? तिची जाळी तरी कोण धुवन? तिच्या खाली कोण वाकून पाहीन?" त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. "तिचं काय झालं, ते आधी पाहू. मंग द्यायची तर द्या."

भंगारवाल्याने दोरी काढली.

मेकॅनिक आला आणि त्याने मला आडवी करून उघडलं. तेव्हा सगळं बाहेर आलं. कापसाचं घरटं, इराचा मोजा, कुरतडलेल्या तारा, टबामागचा काळा, घाण वासाचा थर. घरातले सगळे भोवती उभे होते. कुणी कुणाला दोष दिला नाही. रोज अंगावर घालायचे कपडे आपण कशात धूत होतो, ते पाहून बाबारावांनी तोंडाला रुमाल लावला. मग ते स्वतः ब्रश घेऊन खाली बसले.

माझ्या तारा बदलल्या. तळाला नवी जाळी आली. पाइप नवा आला. शेडमध्ये तीन पिनांचा पॉइंट निघाला आणि मला तसाच प्लग मिळाला. पायांखाली फरशी सारखी केली. अंगणात खोल खड्डा करून तांब्याची पट्टी पुरली आणि माझ्या हिरव्या तारेला जमिनीची वाट मिळाली. मेन स्विचशेजारी आणखी एक स्विच बसवला. थोडी जरी वीज भलतीकडे गेली, तरी तो आपोआप बंद होतो. इराने विचारलं, "याले माझा हात पोचते का?" आणि तो तिच्या हाताला येईल इतका खाली लावायला लावला.

सगळं नीट झालं, पण उल्काताईंचा हात माझ्याकडे येईना. मेकॅनिकने टेस्टर लावून दाखवला, भास्कररावांनी स्वतः हात ठेवून दाखवला, तरी त्या दूर उभ्या राहत. बटण दाबायचं तर त्या स्वयंपाकघरातून लाटणं आणत आणि त्याच्या टोकाने दाबत. पायात चप्पल असली तरी पायाखाली आणखी लाकडी पाट घेत. त्यांच्या तळहातावर भाजल्याचा पांढरा वण राहिला होता. होळी झाली, ऊन तापायला लागलं, तरी लाटणं सुटलं नाही. कुणी त्यांना हसलं नाही. मीही वाट पाहत राहिले.

आता महिन्यातून एका रविवारी घरातले सगळे मिळून मला साफ करतात. आधी प्लग काढतात. इरा जाळी धुते, बाबाराव पावडरचा कप्पा घासतात आणि पावडर आता चमच्याने मोजून टाकतात. भास्करराव बॅटरी घेऊन माझ्या तळाशी वाकतात. अशाच एका रविवारी, साफसफाई होऊन प्लग पुन्हा लावल्यावर, उल्काताई माझ्यातले कपडे काढायला आल्या होत्या. तेवढ्यात इरा अंगणातून ओरडली, "आई, आबाजी खाटेवरून उतरून राहिले, त्यांची चप्पल कुठं आहे?" उल्काताई वळल्या आणि वळताना तोल सावरायला त्यांनी माझ्या कडेवर हात टेकला. तोच डावा हात. "खाटेखालीच असन, पाहा नीट," त्या म्हणाल्या. मग त्यांचं हाताकडे लक्ष गेलं.  मी शांत उभी होते. त्यांनी हात उचलला नाही. तो वण मला माझ्या पत्र्यावर गरम लागत होता, आणि त्या तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. आम्ही यंत्रं तुमच्यासाठी राबतो, पण आमच्या पोटात काय चाललं आहे ते आम्हाला सांगता येत नाही. आम्ही वास देतो, गळतो, आपटतो, झिणझिणतो, तीच आमची भाषा. घरी गेलात की तुमच्या मशीनकडे एकदा नीट पाहा. तिची जाळी कधी धुतली होती? तिच्या खाली पाणी साचतं का? तिचा प्लग तीन पिनांचाच आहे ना? स्वतः मात्र काही उघडू नका, ओल्या हाताने शिवू नका. काही वेगळं वाटलं तर मोठ्यांना सांगा. त्यांना घाई असेल, ते पेपर वाचत असतील, कदाचित त्यांना तुमचं बोलणं कळणार नाही. तरी गप्प बसू नका. तुम्हाला येईल त्या भाषेत, येतील त्या शब्दांत, पुन्हा सांगा.